विल्यम बार्ट्रम

विल्यम बार्ट्रम (१७३९–१८२३) हे अमेरिकेच्याच मातीत जन्मलेल्या सुरुवातीच्या निसर्ग अभ्यासकांमधलं मोठं नाव. झाडं, पक्षी, साप, कासवं, मगरी, तिथले मूळ रहिवासी, सगळ्यांबद्दल त्याने लिहिलं आणि चित्रंही स्वतःच काढली. त्याची मुख्य भटकंती १७७३ ते १७७७ या काळात दक्षिणेकडच्या कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडा या भागात झाली आणि त्यावरचं त्याचं पुस्तक १७९१ साली फिलाडेल्फियात छापलं गेलं. गंमत अशी की याने पहिल्यांदा पाहिलेल्या, वर्णन केलेल्या कितीतरी गोष्टींच्या शास्त्रीय नावापुढे आज नाव दुसऱ्याच कुणाचंतरी लागतं. ते कसं झालं हे समजल्याशिवाय बार्ट्रम समजत नाही.

वडील जॉन बार्ट्रम हे क्वेकर या ख्रिस्ती पंथातले शेतकरी. शाळा फारशी नाही, पण झाडांचं वेड जबरदस्त. १७२८ साली त्यांनी फिलाडेल्फियाजवळ किंगसेसिंगला स्कूलकिल नदीच्या काठी १०२ एकर जमीन घेतली आणि तिथे बाग उभी केली. लंडनमधला कापडाचा व्यापारी पीटर कॉलिन्सन याच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि त्यातून एक धंदाच उभा राहिला, म्हणजे अमेरिकन झाडांच्या साधारण शंभर प्रकारच्या बिया एका पेटीत भरायच्या, जहाजावर चढवायच्या आणि इंग्लंडमधल्या हौशी जमीनदारांना ५ गिनीला पेटी विकायची. तिकडच्या बऱ्याच मोठ्या बागांमध्ये अमेरिकन झाडं गेली ती अशी. बेंजामिन फ्रँकलिन हा जॉनचा मित्र. १७६५ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याने जॉनला आपला वनस्पतिशास्त्रज्ञ नेमलं, पगार वर्षाला ५० पौंड.

विल्यम (घरचे त्याला बिली म्हणत) आणि त्याची बहीण एलिझाबेथ ही जुळी भावंडं. पोराचा हात चित्रकलेत लहानपणापासून इतका चांगला की वडिलांनी त्याची चित्रं कॉलिन्सनला पाठवली आणि विल्यमने पाठवलेले पक्ष्यांचे नमुने लंडनच्या जॉर्ज एडवर्ड्सने आपल्या पुस्तकासाठी वापरले. पण बापाला काळजी वेगळीच, चित्रं काढून पोट कसं भरणार? ही काळजी कुठल्याही काळातल्या, कुठल्याही देशातल्या बापाला लागते. छपाईचं काम शिकवायची तयारी खुद्द फ्रँकलिनने दाखवली होती, तेही जमलं नाही. व्यापाऱ्याकडे उमेदवारी करून झाली, मग १७६१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात केप फिअर नदीवर काकाकडे जाऊन स्वतःचं दुकान टाकलं, तेही चाललं नाही.

१७६५-६६ मध्ये बापलेक मिळून फ्लोरिडापर्यंत फिरले आणि विल्यमला तो प्रदेश असा काही आवडला की त्याने तिथेच राहायचं ठरवलं. सेंट जॉन्स नदीच्या काठी मळा करायचा असा बेत. इथे एक गोष्ट त्याचे चाहते पटकन ओलांडून पुढे जातात, ती म्हणजे या मळ्यासाठी वडिलांनी त्याला सहा गुलाम माणसं घेऊन दिली होती. मळा वर्षभरसुद्धा टिकला नाही. चार्ल्सटनचा व्यापारी हेन्री लॉरेन्स १७६६ मध्ये तिकडे जाऊन आला आणि त्याने जॉनला जे पत्र लिहिलं ते वाचवत नाही: दलदलीच्या कडेला मोडकी झोपडी, पोरगा तापाने आजारी, धड खायला नाही, आजूबाजूला बोलायला माणूस नाही. पुढे म्हातारपणाकडे झुकताना याच विल्यमने गुलामगिरीच्या विरोधात एक मसुदा लिहिला, तोही बागेच्या छापील कॅटलॉगच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, पण तो त्याने कधी छापला नाही.

फ्लोरिडाहून परत आला तो कर्ज डोक्यावर घेऊनच. १७७० मध्ये देणेकऱ्यांना टाळायला परत केप फिअरला पळाला. तिशी ओलांडलेला, धंदा नाही, लग्न नाही (ते पुढेही केलं नाही). अशा वेळी लंडनचा डॉक्टर जॉन फॉदरगिल मदतीला आला. फॉदरगिलची एसेक्समध्ये स्वतःची मोठी बाग होती, त्याला अमेरिकेच्या दक्षिण भागातली थंडीत टिकणारी नवी झाडं हवी होती. ठरलं असं की वर्षाला ५० पौंड, चित्रांचे पैसे वेगळे आणि बदल्यात बिया, वाळवलेले नमुने आणि चित्रं लंडनला पाठवायची. मार्च १७७३ मध्ये विल्यम फिलाडेल्फियाहून चार्ल्सटनला निघाला.

पहिल्याच उन्हाळ्यात ऑगस्टाला त्याने क्रीक आणि चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांकडून २० लाख एकरांहून जास्त जमीन व्यापाऱ्यांच्या उधारीपोटी काढून घेतलेली पाहिली. नंतर मोजणीवाल्यांच्या तुकडीबरोबर तो त्या जमिनीवर हिंडला. तिथला एक किस्सा त्याने फार छान लिहिलाय. मोजणीदाराने होकायंत्र लावून एक दिशा सांगितली, बरोबरचा क्रीक सरदार म्हणाला ही दिशा चूक आहे, नदीचा फाटा त्या बाजूला आहे. मोजणीदार म्हणाला यंत्र खोटं बोलत नाही. सरदार म्हणाला हे पिटुकलं दुष्ट यंत्र खोटारडं आहे आणि याच्या जोरावर तुम्ही आमची जमीन खाणार. वाद एवढा चिघळला की शेवटी यंत्र बाजूला ठेवून सरदाराने दाखवलेल्या रेषेनेच मोजणी झाली.

१७७४ साल फ्लोरिडाचं, आणि पुस्तकातला सगळ्यात गाजलेला भाग याच वर्षाचा. छोट्या शिडाच्या बोटीतून सेंट जॉन्स नदीवर हा बराच काळ एकटा. एका संध्याकाळी त्याने एका खाजणाशेजारी मुक्काम केला आणि जेवणासाठी मासे पकडायला निघाला तर मगरींनी बोटीला घेरलं. त्याने हातातल्या सोट्याने झोडपून काढत कशीबशी बोट काठाला लावली. मग मगरींच्या झुंजीचं वर्णन, नाकपुड्यांतून वाफ निघते, डरकाळीने जमीन हादरते, नदीच्या अरुंद जागेत मासे अडवून बसलेल्या मगरी इतक्या की त्यांच्या डोक्यांवर पाय ठेवत पलीकडे जाता येईल. घरी बसलेल्या विद्वानांनी हे वाचून याला थापाड्या ठरवलं. थोडा मसाला त्याने नक्की घातलाय, आकडे आणि लांबीच्या बाबतीत तर सांभाळूनच वाचावं. पण मूळ निरीक्षणं पक्की निघाली. नर मगर डरकाळी फोडते तेव्हा तिच्या पाठीवरचं पाणी खरोखर थरथरून उडतं, मादी चिखल आणि गवताचा ढीग रचून त्यात अंडी घालते, घरट्यावर राखण करते आणि पिल्लांना बरोबर घेऊन फिरते, हे नंतरच्या अभ्यासकांनीही पाहिलं.

त्याच वर्षी तो अलाचुआच्या विशाल गवताळ मैदानावर गेला (आज तिथे पेन्स प्रेअरी नावाचं राखीव क्षेत्र आहे). शेजारच्या कस्कोविला गावात सेमिनोल सरदार राहायचा, ज्याला इंग्रज काउकीपर म्हणत कारण त्याच्याकडे गुरांचे मोठे कळप होते. बार्ट्रमने सांगितलं की मी झाडंफुलं गोळा करायला आलोय, सरदाराने त्याला पक पगी म्हणजे फुलं शोधणारा असं नाव दिलं आणि हवं तिथे फिरायची मुभा दिली. या लोकांबद्दल तो ज्या आदराने लिहितो तसं त्या काळातल्या गोऱ्या लेखकांमध्ये फार कमी सापडतं. कधी कधी जरा जास्तच गोड रंगवतो हेही खरं.

प्राण्यांबद्दलही तसंच. त्याच्या बरोबरच्या शिकाऱ्याने अस्वलीण मारली तेव्हा तिचं पिल्लू तिच्याजवळ येऊन, तिला हुंगून रडायला लागलं आणि शिकाऱ्याने त्यालाही मारलं, हे लिहिताना तो स्वतःलाही त्या पापात धरतो. पण साधुसंत नव्हता तो. सँडहिल क्रेन, म्हणजे सारसाच्या कुळातला मोठा पक्षी, याचं सूप उत्तम झालं असं लिहितो आणि पुढे लगेच म्हणतो की दुसरं काही खायला मिळत असेल तर मी या पक्ष्यांचं आकाशातलं गाणं ऐकणंच पसंत करेन. मला हे वाक्य सगळ्या मगरींपेक्षा जास्त आवडतं.

एप्रिल १७७५ मध्ये तो चार्ल्सटनहून चेरोकी लोकांच्या डोंगराळ मुलखाकडे निघाला. तीनच दिवस आधी उत्तरेत लेक्सिंग्टनला गोळीबार होऊन स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं होतं! पुस्तकात त्या युद्धाचा जवळजवळ पत्ताच नाही. एवढा मोठा देश पेटलाय आणि हा माणूस अझेलियाची फुलं डोंगरउतारावर आग लागल्यासारखी दिसतात हे लिहितोय. वाटेत एकदा चेरोकींचा मोठा सरदार अटाकुलाकुला आपल्या माणसांसह समोरून आला, बार्ट्रमने घोडा बाजूला घेऊन त्याला वाट दिली, सरदार खूश होऊन हात मिळवून गेला. पण पुढे एकट्याने जाणं धोक्याचं वाटल्यामुळे तो काही दिवसांत मागे फिरला. मग मोबील शहर, तिथून मिसिसिपी नदी. या टप्प्यात कडक ताप आला आणि डोळे इतके बिघडले की ते दुखणं शेवटपर्यंत गेलं नाही. जानेवारी १७७७ मध्ये घरी पोचला, त्याच सप्टेंबरमध्ये वडील वारले.

आता नावांचा घोळ. नमुने लंडनला गेले होते, तिथे त्यांचं शास्त्रीय वर्णन लिहायचं काम वनस्पतिशास्त्रज्ञ डॅनियल सोलँडरकडे होतं. युद्धामुळे संपर्क तुटला, १७८० मध्ये फॉदरगिल गेला, १७८२ मध्ये सोलँडर गेला, नमुने तसेच पडून. इकडे बार्ट्रमचं पुस्तक यायला १७९१ उजाडलं आणि शास्त्रीय नावात जो आधी छापतो त्याचा मान. चेरोकींच्या डोंगरात १७७५ मध्ये त्याने पाहिलेला मॅग्नोलिया १७८८ मध्येच वॉल्टर नावाच्या माणसाने छापून टाकला, तोसुद्धा जॉन फ्रेझर या तिसऱ्याच माणसाच्या नावाने. पक्ष्यांचं तर अजून वाईट. पुस्तकात २१५ पक्ष्यांची यादी आहे, त्या वेळी इतकी मोठी यादी अमेरिकेत कुणी केली नव्हती, शिवाय पक्षी थंडीत चिखलात झोपतात वगैरे समजुती बाजूला सारून ते दक्षिणेकडे जातात आणि वसंतात परततात हे त्याने तारखांसकट मांडलं. पण शास्त्राच्या नियमाप्रमाणे सगळीकडे दोन शब्दांची नावं नेमाने वापरली नाहीत, म्हणून आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने १९५७ मध्ये या पुस्तकातली नावं ग्राह्य धरायची नाहीत असा निर्णय दिला. काळ्या गिधाडाला त्याने व्हल्टर अट्राटस म्हटलं होतं, तेच अट्राटस आजही चालतं, फक्त पुढे नाव लागतं जर्मन निसर्ग अभ्यासक बेखश्टाइनचं, ज्याने ते १७९३ मध्ये वापरलं.

पुस्तकाचं स्वागत घरी कोमटच झालं, युरोपात मात्र लंडन, डब्लिन, बर्लिन, पॅरिस असं ते छापलं, भाषांतरित झालं. कोलरिज आणि वर्ड्सवर्थ या इंग्रज कवींनी फ्लोरिडातल्या झऱ्यांची आणि वनांची चित्रं यातूनच उचलली. उकळल्यासारखं वर येणारं ते स्वच्छ पाणी, तळाशी दिसणारे मासे, हे वाचताना ते का उचललं असेल हे लगेच कळतं.

विल्यम मात्र १७७७ नंतर घर सोडून फारसा कुठे गेलाच नाही. बाग धाकट्या भावाच्या नावावर, हा तिथेच राहून काम करायचा. १७८६ मध्ये बिया काढायला सायप्रसच्या झाडावर चढला आणि पडून पाय मोडून घेतला. पेनसिल्व्हेनियाच्या विद्यापीठाने १७८२ मध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून निवडलं, तब्येतीमुळे नाही म्हणाला. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने रेड नदीच्या मोहिमेवर बोलावलं, तेव्हा साठी उलटलेली, डोळे अधू, तिथेही नकार. १७९७ मध्ये विल्यम डनलॅप नावाचा पाहुणा बागेत आला तर चामड्याची विजार घातलेला, जुनी टोपी तोंडावर आलेला एक म्हातारा दाताळं घेऊन ढेकळं फोडत होता. तोच बार्ट्रम.

पण घरी बसून त्याने जे केलं ते भटकंतीपेक्षा कमी नाही असं माझं मत. १८०२ मध्ये जवळच्या ग्रेज फेरीच्या शाळेत अलेक्झांडर विल्सन नावाचा स्कॉटिश मास्तर आला, मूळचा विणकर. बार्ट्रमने त्याला चित्रं शिकवली, पुस्तकं दिली, पक्षी दाखवले आणि त्यातून १८०८ पासून अमेरिकन पक्ष्यांवरचा नऊ खंडांचा ग्रंथ उभा राहिला. अमेरिकन कीटकशास्त्राचा जनक समजला जाणारा थॉमस से हा तर नात्यातलाच, विल्यम त्याच्या आईचा मामा. बेंजामिन बार्टनच्या १८०३ च्या वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली बहुतेक चित्रं याचीच. विल्सनने गुरूची आठवण म्हणून माळरानावरच्या एका पक्ष्याला १८१३ मध्ये बार्ट्रमचं नाव दिलं, तर कळलं की त्याला आदल्याच वर्षी नाव मिळालंय, आणि देणारा पुन्हा तोच बेखश्टाइन. १८३१ मध्ये फ्रान्सच्या लेसाँने त्या पक्ष्याच्या प्रजातीलाच बार्ट्रमिया म्हटलं म्हणून निदान तेवढं तरी राहिलं.

२२ जुलै १८२३ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी, सकाळी एका झाडाचं वर्णन लिहून तो उठला आणि थोड्याच वेळात घरीच वारला.

त्याच्या नावाशी कायमचं जोडलं गेलेलं झाड म्हणजे फ्रँकलिनिया. चहाच्याच कुळातलं, उन्हाळा संपताना मोठी पांढरी सुवासिक फुलं येतात. १७६५ मध्ये जॉर्जियातल्या ऑल्टमहा नदीकाठी बापलेकांना ते पहिल्यांदा दिसलं, नंतरच्या भटकंतीत विल्यमने बिया आणून बागेत लावल्या, आणि बेंजामिन फ्रँकलिनवरून नाव ठेवलं गेलं. ते छापलं १७८५ मध्ये हम्फ्री मार्शलने, जॉनचा मावसभाऊ, म्हणजे इथेही घरातलाच का होईना पण दुसरा. जंगलात ते त्या एका छोट्या पट्ट्याबाहेर कुणाला कधी सापडलं नाही आणि १८०३ नंतर तिथेही दिसलं नाही. जगात आज जिथे कुठे फ्रँकलिनिया आहे ते बार्ट्रमच्या बागेतल्या झाडांचे वंशज समजले जातात. बाग १८५० मध्ये कुटुंबाच्या हातून गेली, १८९१ पासून फिलाडेल्फिया शहराच्या ताब्यात आहे आणि लोकांना खुली आहे. त्याच्या वाटेवरून दक्षिणेतल्या अनेक राज्यांत बार्ट्रम ट्रेल नावाच्या पायवाटा आखल्यात. फॉदरगिलला पाठवलेली चित्रं आणि वाळवलेले नमुने मात्र अजून लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्येच आहेत.