उमेदवार-शोध (विद्वत्संस्थांची कार्यकारिणी, कोकण)

अभ्यासकांच्या सभासद-संस्थेत कार्यकारिणीची मुदत संपत आली, की नव्या जागांसाठी योग्य माणसे हेरणे, त्यांना कामाची कल्पना देणे आणि उभे राहायला राजी करणे म्हणजे उमेदवार-शोध. इतिहास, भाषा-साहित्य, पुरातत्त्व, निसर्गअभ्यास अशा विषयांच्या मंडळांत मतदान हा शेवटचा टप्पा असतो. संस्था कोणाच्या हाती जाणार, हे बहुधा त्याआधीच ठरलेले असते.

महाराष्ट्रातील अशा संस्था साधारणतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदलेल्या असतात. १८६० च्या कायद्यानुसार सात जण एकत्र येऊन संस्था काढू शकतात, आणि तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकलेल्या सभासदाला मताचा अधिकार राहत नाही. उमेदवार कुठून आणायचे, हे मात्र संस्थेच्या घटनेवर सोडलेले आहे. घटनेत सूचक-अनुमोदक, अर्जाची मुदत, निवडणूक निर्णय अधिकारी यांची कलमे असतात. शोधासाठी वेगळी समिती क्वचितच. परदेशी विद्वत्संस्थांत ती सर्रास आढळते. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनमध्ये तर नामनिर्देशन समितीचे सदस्यही सभासदच निवडून देतात. आपल्याकडे मावळत्या कार्यवाहांचा फोन हीच समिती!

कोकणात संस्थाजीवन जुने आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे; कोकण मराठी साहित्य परिषद १९९१ मध्ये स्थापन झाली. माणसांची वानवा आहे ती वेगळ्या कारणाने. नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेले चाकरमानी आजीव सभासद म्हणून यादीत राहतात, मत देतात, देणगीही देतात. पण मालवणात किंवा दापोलीत दर महिन्याच्या बैठकीला येणे त्यांना जमत नाही. परिणामी मतदार एकीकडे आणि काम करणारे हात दुसरीकडे, अशी विभागणी होते. आभासी बैठकांनी ती थोडी सांधली, तरी पावती-पुस्तक, दप्तर, बँकेतली सही यांसाठी गावात राहणारा माणूस लागतोच.

अध्यक्ष मिळणे त्या मानाने सोपे. नामवंत निवृत्त प्राध्यापक किंवा लेखक ते पद सहसा नाकारत नाहीत. खरी अडचण कार्यवाह आणि कोषाध्यक्ष शोधताना येते. कोषाध्यक्षपदासाठी निवृत्त बँक कर्मचारी किंवा पतसंस्थेत हिशेब पाहिलेली व्यक्ती उपयोगी पडते. तिचा विषयाचा व्यासंग बेताचा असला तरी चालते. कार्यवाह मात्र अभ्यासकांशी बोलू शकणारा आणि पत्रांना वेळेत उत्तर देणारा हवा. महाविद्यालये हा शोधाचा पहिला पट्टा. रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय किंवा दापोलीचे कृषी विद्यापीठ इथले अध्यापक सहज डोळ्यासमोर येतात. शासकीय महाविद्यालयांतील अध्यापकांची मात्र बदली होते, म्हणून तीन किंवा पाच वर्षांच्या मुदतीचे पद देताना हे आधीच विचारलेले बरे.

दुसरा पट्टा पदव्यांच्या बाहेरचा आहे आणि कोकणात तोच अधिक सकस. युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये समाविष्ट झालेल्या कोकणातील कातळशिल्पांचा माग हौशी अभ्यासकांनी आणि सड्यावर (कातळी पठारावर) वावरणाऱ्या ग्रामस्थांनी काढला, हे उदाहरण ताजे आहे. ग्रंथपाल, शाळाशिक्षक, वकील, गावाची जुनी कागदपत्रे जपणारी मंडळी यांच्यापर्यंत शोध पोचतो तो फक्त कोणी जाऊन विचारले तर. स्त्रिया आणि चाळिशीच्या आतले अभ्यासक यांच्याबाबत तर हे अधिकच खरे. संस्थेच्या व्याख्यानांना ते नियमित येतात, पण अर्ज आपणहून भरत नाहीत. एक मुदत स्वीकृत सदस्य म्हणून घेणे ही दोन्ही बाजूंनी पारख करून पाहण्याची चांगली वाट आहे.

विचारताना काय सांगितले जाते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. ‘नुसते नाव राहू द्या’ असे म्हणून मिळवलेला होकार दुसऱ्या बैठकीपर्यंतच टिकतो. वर्षात बैठका किती, प्रवासखर्च मिळतो का, कोणता वाद किंवा दावा प्रलंबित आहे, शिल्लक किती, हे इच्छुकाला आधी कळायला हवे. संस्थेच्या नियतकालिकाची छपाई किंवा इमारतीचे काम ज्याच्याकडे आहे त्याचे हितसंबंधही याच वेळी उघड व्हावेत. अनेक निवडणुका बिनविरोध होतात आणि त्याचे कौतुकही होते. कित्येकदा मात्र त्यामागे एकमत नसते, जागेइतक्याच लोकांना विचारलेले असते.

वेळापत्रक हाही कोकणातला खास मुद्दा. मार्चअखेर हिशेब, मग लेखापरीक्षण, म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा पावसाळ्यात येते. गाड्या पावसाळी वेळापत्रकावर, शेतीची कामे चालू, पुढे गणपती. गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्याचा शिरस्ता त्यामुळे रुळला आहे. शोधाला शिमग्याच्या सुमारास सुरुवात केली, तर गावी आलेल्या सभासदांशी समोरासमोर बोलता येते.

निवड झाल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. त्यासोबत नव्या पदाधिकाऱ्यांची संमतिपत्रे जोडण्याची पद्धत आहे. बँकही ठराव आणि ओळखपत्रे पाहिल्याशिवाय सह्या बदलत नाही. म्हणून जाणकार कार्यवाह संमतिपत्र व ओळखपत्रांच्या प्रती उमेदवारी अर्जासोबतच घेऊन ठेवतात.