स्लॅब बदलला की हातात कमी पैसे येतात का?

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. ती पुण्यात नोकरी करते. शनिवारच्या कामासाठी कंपनीने वर्षाला दहा हजारांचा भत्ता देऊ केला होता आणि हवा की नको हे दोन दिवसांत कळवायचं होतं. "मावशी, मी नाही म्हणून सांगणार आहे. माझं करपात्र उत्पन्न बरोबर सोळा लाख आहे. हे दहा हजार आले की मी आयकराच्या वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जाते. सोळा लाखांचे पंधरा टक्के म्हणजे दोन लाख चाळीस हजार, आणि सोळा लाख दहा हजारांचे वीस टक्के म्हणजे तीन लाख बावीस हजार. दहा हजारांसाठी ब्याऐंशी हजार घालवू का?"

तिचे गुणाकार बिनचूक होते. चुकलं होतं ते समीकरण. हीच चूक मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे, बँकेत काम करणाऱ्यांकडूनही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तिला सांगितलं होतं, "मी हिशेब करून बघितलाय, हातात खरंच कमी येतात." या सहकाऱ्याकडे शेवटी परत यायचं आहे, कारण त्याची गोष्ट वेगळी निघाली.

आधी रिक्षात बसू. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे. त्यात दीड किलोमीटर जाता येतं आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे पडतात. पाच किलोमीटर गेलात तर दीडच्या पुढचे साडेतीन गुणिले १७.१४ म्हणजे ५९.९९, अधिक २६, एकूण ८६ रुपये. अंतराला क्ष म्हटलं तर भाडं = २६ + १७.१४ × (क्ष − १.५). दहावीच्या पुस्तकातलं हे रेषीय समीकरण. आलेख काढला तर दीड किलोमीटरपर्यंत आडवी रेघ, आणि तिथून पुढे चढत जाणारी सरळ रेघ. दर किलोमीटरला रेघ किती वर जाते, त्याला चढ म्हणायचं. इथे चढ १७.१४.

दीड किलोमीटरच्या खुणेवर नेमकं काय होतं ते पाहा. चढ बदलतो, पण भाडं उडी मारत नाही. दीड किलोमीटर ओलांडला म्हणून आधीच्या दीड किलोमीटरचा हिशेब कोणी नव्याने मांडत नाही. रेघ तिथे मोडते, तुटत नाही. मोडणं आणि तुटणं यातला हा फरक भाचीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. महावितरणच्या घरगुती बिलातही असंच असतं. एकशेएकावं युनिट वापरलं म्हणून आधीच्या शंभर युनिटांना वरचा दर लागत नाही, तो त्या एकाच युनिटाला लागतो.

आता आयकर. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीतले टप्पे, म्हणजेच स्लॅब, असे: चार लाखांपर्यंत शून्य, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारा १०, बारा ते सोळा १५, सोळा ते वीस २०, वीस ते चोवीस २५ आणि त्यापुढे ३०. प्रत्येक दर फक्त त्या त्या टप्प्यात पडणाऱ्या रुपयांना लागतो. ही रेघ सहा ठिकाणी मोडते आणि एकाही ठिकाणी तुटत नाही.

हे टप्पे जाहीर झाले त्या दिवशी मी कागद घेऊन बसले, आणि त्यात एक सुंदर गोष्ट सापडली. टप्पे चार-चार लाखांचे आहेत आणि प्रत्येक मोडीवर चढ बरोबर ५ टक्क्यांनीच वाढतो. म्हणून सगळी आकारणी एका ओळीत मावते. आपलं उत्पन्न चार लाखांहून किती जास्त आहे, आठहून किती, बाराहून किती, असं चोवीसपर्यंत लिहीत जायचं. जिथे उत्पन्न कमी पडेल तिथे शून्य. सगळ्यांची बेरीज करायची आणि तिचे ५ टक्के काढायचे. तोच कर.

भाचीच्या सोळा लाखांवर करून पाहू. चारहून बारा लाख जास्त, आठहून आठ, बाराहून चार. बेरीज चोवीस लाख, तिचे ५ टक्के एक लाख वीस हजार. दोन लाख चाळीस हजार हा तिचा आकडाच दुप्पट होता. भत्ता घेतला तर १२.१ + ८.१ + ४.१ + ०.१ म्हणजे २४.४ लाख, आणि कर एक लाख बावीस हजार. कर वाढला दोन हजारांनी. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे करावरचा कर, धरला की २,०८०. दहा हजारांतले ७,९२० रुपये तिच्या हातात राहतात.

इथे थांबलं तरी काम भागतं. पण मला ज्या गोष्टीचं खरं वेड आहे ती यापुढे आहे, त्यामुळे कागद-पेन्सिल हाताशी असू द्या.

प्रत्येक टप्प्याचं स्वतंत्र समीकरण लिहू. चार ते आठ लाखांत कर = ०.०५क्ष − २०,०००. आठ ते बारात ०.१०क्ष − ६०,०००. बारा ते सोळात ०.१५क्ष − १,२०,०००. पुढे ०.२०क्ष − २,००,०००, मग ०.२५क्ष − ३,००,००० आणि शेवटी ०.३०क्ष − ४,२०,०००. वजा होणाऱ्या या संख्या येतात कुठून? मोडीच्या जागी दोन्ही रेघांनी एकच उत्तर द्यायला हवं, नाहीतर आलेख तुटेल. आठ लाखांवर चढ ५ टक्क्यांनी वाढला, म्हणजे तिथे नवी रेघ आठ लाखांच्या ५ टक्क्यांनी, चाळीस हजारांनी, उंच पडली असती. म्हणून तेवढं जास्तीचं वजा करायचं: वीस हजार अधिक चाळीस हजार, साठ हजार. बारा लाखांवर आणखी साठ हजार, सोळावर ऐंशी हजार, वीसवर एक लाख, चोवीसवर एक लाख वीस हजार. आपल्या भाचीने चढ बरोबर घेतला होता, वजा करायची संख्या विसरली होती. चूक म्हणतात ती एवढीच.

आता या सहा रेघा एकाच आलेखावर पूर्ण लांबीच्या काढा, टप्प्याची हद्द विसरून. शून्याची आडवी रेघ धरून सात होतील. दहा लाख उत्पन्न घेऊन सातही समीकरणांत घाला: ०, ३०,०००, ४०,०००, ३०,०००, ०, उणे ५०,००० आणि उणे १,२०,०००. यातला सर्वात मोठा आकडा ४०,०००, आणि दहा लाखांवरची आकारणी नेमकी तेवढीच येते! तुम्ही कोणत्या टप्प्यात आहात हे माहीत नसलं तरी चालतं. सातही उत्तरं काढा आणि सर्वात मोठं उचला. कारण असं, की जास्त चढाची रेघ मोडीच्या जागेआधी कमी चढाच्या रेघेखाली असते आणि मोडीनंतर तिच्या वर जाते. म्हणून दर ठिकाणी सर्वात वर असलेली रेघ हीच लागू असलेली रेघ. सरळ रेघांचा असा वरचा काठ घेतला की बनणारा आलेख नेहमी वरच्या बाजूलाच वळत जातो. अशा फलनाला गणितात बहिर्वक्र म्हणतात. कारखान्याचं उत्पादन ठरवण्यापासून विमानांचं वेळापत्रक लावण्यापर्यंत ज्या रेषीय नियोजनाचा उपयोग होतो, त्यात असे काठ पदोपदी भेटतात. अट एकच: चढ वाढत जायला हवा. मध्येच तो घटला तर ही युक्ती कोलमडते.

आणि आपल्या कायद्यात एका ठिकाणी तो घटतो.

करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर करात पूर्ण सूट मिळते आणि कर शून्य होतो. (भांडवली नफ्यासारखं विशेष दराचं उत्पन्न यात येत नाही, ते इथे बाजूला ठेवते.) पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शनचे, म्हणजे पगारातून सरसकट वजा होणारे, ७५,००० मिळतात, म्हणून त्याची हद्द पावणेतेरा लाख. पण बारा लाखांवर आकारणी असते साठ हजारांची. म्हणजे बारा लाखांवर एक रुपया जास्त मिळाला की साठ हजार भरायचे? इथे रेघ खरोखर तुटली असती. ते टाळायला कायद्यात सीमांत सवलत आहे: बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणजे दोन रेघा, एक क्ष − १२,००,००० आणि दुसरी ०.१५क्ष − १,२०,०००, आणि त्यांतली खालची लागू. वरचा काठ जाऊन खालचा काठ आला. पहिल्या रेघेचा चढ १ आहे. जास्तीचा प्रत्येक रुपया पूर्णच्या पूर्ण करात जातो.

या दोन रेघा भेटतात कुठे? अशा प्रश्नासाठी बाराव्या शतकात जायला हवं. भास्कराचार्यांच्या बीजगणितात एक उदाहरण आहे. एकाकडे ३०० रूपं आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याकडे दहा घोडे आहेत, पण १०० रूपांचं कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी, तर एका घोड्याची किंमत किती? भास्कराचार्य अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत आणि तिचं पहिलं अक्षर 'या' लिहीत. ज्ञात संख्येपुढे 'रूप' शब्दातला 'रू' येई. तो रुपयाचा 'रु' नव्हे, नुसती संख्या. एका ओळीत या ६ रू ३००, तिच्याखाली या १० रू १००, आणि कर्ज दाखवायला त्या शंभरावर एक टिंब. दोन ओळी सारख्या म्हणून ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, आणि घोड्याची किंमत १००. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. पैशाच्या व्यवहारातलं रेषीय समीकरण आपल्या इतकं घरचं आहे.

तीच रीत इथे लावू. क्ष − १२,००,००० = ०.१५क्ष − १,२०,०००. म्हणून ०.८५क्ष = १०,८०,००० आणि क्ष सुमारे १२,७०,५८८. बारा लाखांपासून इथपर्यंत जास्तीचा रुपया तुमचा नाही.

गोष्ट एवढ्यावरही संपत नाही. ४ टक्के उपकर सीमांत सवलतीनंतरच्या करावर लागतो. म्हणजे त्या पट्ट्यात चढ १ नसून १.०४ आहे. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं तर कर १०,००० आणि उपकर ४००. दहा हजार मिळवले, दहा हजार चारशे भरले. बारा लाख होते तेव्हापेक्षा हातात चारशे रुपये कमी. १२,७०,५८८ ला हा तोटा सर्वात मोठा, सुमारे २,८२३ रुपये. तिथून पुढे उपकरासह चढ ०.१५६ होतो आणि तोटा भरून यायला लागतो. हातात पुन्हा बारा लाख कधी? क्ष − १.०४ × (०.१५क्ष − १,२०,०००) = १२,००,०००. सोडवलं की ०.८४४क्ष = १०,७५,२००, म्हणजे क्ष सुमारे १२,७३,९३४. पगारदाराला ७५,००० मिळवून १३,४८,९३४.

सरळ तुटलेली रेघ हवी असेल तर महाराष्ट्राच्या व्यवसाय करात आहे. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे. पगार २५,००१ झाला की महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५०० कापले जातात. महिन्याला एक रुपया वाढला, वर्षात बारा रुपये आले आणि अडीच हजार गेले. अशा जागी एखादी बाई "वाढ नको" म्हणाली तर तिचा हिशेब बरोबर आहे, आणि इथे सीमांत सवलतीसारखा उतार बांधायला हवा असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्यात मला राग येतो तो एकाच प्रकाराचा. पगाराच्या आकड्याची बेरीज 'शुभ' यावी म्हणून नावाचं स्पेलिंग बदलायला लावणारे आणि "स्लॅबच्या सापळ्यातून वाचा" म्हणत अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ काढणारे, दोघेही लोकांच्या एकाच भीतीवर जगतात. आकडा कुठून आला हे आपल्याला कधी कळणारच नाही, ही ती भीती. यातला प्रत्येक आकडा शाळेतल्या समीकरणांतून येतो.

आता तो सहकारी. भाचीला मी त्याचा पगार विचारायला लावला. वर्षाला पावणेतेरा लाख! करपात्र उत्पन्न बरोबर बारा. तो बरोबर बोलत होता. दहा हजारांचा भत्ता घेतला तर त्याला चारशेचा तोटाच होता. चूक झाली ती त्याचा हिशेब भाचीच्या सोळा लाखांवर ठेवताना. भत्त्याऐवजी तेवढी रक्कम कंपनीने स्वतःच्या वाट्याने त्याच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात भरली, तर मूळ पगाराच्या १४ टक्क्यांच्या मर्यादेत ती नव्या प्रणालीतही वजा होते. तसं कंपनीला विचारून बघ, असं मी त्याला कळवलं.

भाचीने भत्ता घेतला. काल तिचा पुन्हा फोन आला. सहकाऱ्याची पगारवाढीची बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि किती मागू म्हणून विचारतो आहे. मी सांगितलं, चौऱ्याहत्तर हजारांच्या खाली बोलणंच सुरू करू नको. त्याच्या वरच्या प्रत्येक रुपयातले चौऱ्याऐंशी पैसे घरी येतील.