रोजनिशी, रोजकीर्द, जर्नलिंग: एका सवयीची पार्श्वभूमी

जर्नलिंग म्हणजे मनातले नेमाने वहीत उतरवणे, हे आता पुण्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. समुपदेशक ते गृहपाठ म्हणून देतात, ध्यानवर्गांत त्याच्यावर सत्रे होतात, आणि सकाळच्या चहाआधी दहा मिनिटे वही उघडणारे चार जण तरी ओळखीत निघतात. घोळ आहे तो मराठी नावाचा. त्या घोळातच या सवयीचा बराचसा इतिहास सापडतो.

सर्वांत आधी सुचवला जातो तो शब्द 'रोजनिशी'. 'निशी' म्हणजे रात्री, म्हणून रोज रात्री लिहायची ती रोजनिशी, असे अनेकजण समजतात. फोड गोड आहे, पण चूक आहे. हा 'निशी' फारसीतल्या लिहिण्याच्या धातूतून आला. चिटणीस, फडणीस यांच्यातला 'णीस' त्याचाच भाऊबंद. रोजनिशी म्हणजे रोजचे लिहिणे, आणि लिहिणारा बहुधा कारकून. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या रोजनिश्यांतले निवडक भाग विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले. त्यांत सनदा, इनामे, नेमणुका, वसुली, देवस्थानांचे खर्च सगळे आहे. पेशव्याच्या मनात त्या दिवशी काय चालले होते, ते नाही. ते लिहिण्याची ती जागाच नव्हती.

आता 'जर्नल' घ्या. शास्त्र शाखेतून बारावी झालेल्या कुणालाही जर्नल म्हटले की प्रयोगवही आठवते: आकृत्या, निरीक्षणे आणि शेवटी सरांची सही. वाणिज्य शाखेत मराठी माध्यमातून शिकलेल्यांना आठवते 'रोजकीर्द', कारण हिशेबाच्या पुस्तकात जर्नलला तोच प्रतिशब्द आहे. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत तारखेवार मांडायचा, मग तिथून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. मला हा शब्द सगळ्यांत बोलका वाटतो. दिवसभरात जे घडले ते आधी घडले तसे मांडावे. ते आपल्या खात्यावर की दुसऱ्याच्या, हे नंतर पाहावे. मन दुखावलेले असते त्या दिवशी आपण रोजकीर्द सोडून थेट खतावणी उघडतो, आणि मग पान नुसते तक्रारींनी भरते. 'वासरी' असाही एक देखणा शब्द मराठीत होता, वासर म्हणजे दिवस यावरून. तो मागे पडला. 'दैनंदिनी' राहिली, पण तिच्यावर नव्या वर्षाला भेट मिळणाऱ्या छापील डायऱ्यांचा शिक्का बसला.

संतांकडे आत्मपरीक्षण होतेच. देहूच्या अभंगांत स्वतःशी मांडलेला वाद आजही अंगावर येतो. पण ती तारखेवार नोंद नव्हे. 'दिसामाजी काहीतरी ते लिहावे' ही ओळ दासबोधातली म्हणून सर्रास सांगितली जाते. दासबोध ओवीत आहे आणि ही ओळ भुजंगप्रयात या वृत्तात, एवढे पाहिले तरी शंका फिटते. दासबोधात लेखनावर समास आहे खरा, एकोणिसाव्या दशकातला पहिला, पण तो अक्षराचे वळण, बोरू, शाई आणि पोथी नीट उतरवणे यांविषयी आहे. पेशवाईतले कारभारी नाना फडणीस यांचे छोटेसे आत्मवृत्त मात्र इथे आठवायलाच हवे. पानिपताहून जीव वाचवून परतलेल्या या माणसाने तरुणपणी वासनेने मन कसे ओढले, याची त्यात उघड कबुली दिली आहे. दफ्तरातल्या ढीगभर रोजनिश्यांत जे नाही ते त्या थोड्या पानांत आहे.

आज ज्याला आपण जर्नलिंग म्हणतो त्याचा जवळचा पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. १८६७ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात एकेश्वरी उपासनेचे प्रार्थना समाज उभे राहिले. मूर्ती नाही, मध्यस्थ नाही. त्यामुळे स्वतःची तपासणी स्वतःच करणे आले. त्या वळणातल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांची तरुणपणची रोजनिशी पुढे छापली गेली. १९३० मध्ये ते येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हाही त्यांनी रोजनिशी लिहिली. त्याच वर्षी त्याच तुरुंगातून दर मंगळवारी साबरमतीच्या आश्रमाला गांधीजींची व्रतांवरची पत्रे जात होती. त्या आश्रमात प्रत्येकाने रोजनिशी ठेवावी असा आग्रह असे, आणि ती वडीलधाऱ्यांनी पाहण्यात कुणाला गैर वाटत नसे.

वही कुणी वाचावी, हा वाद तिथून आपल्यापर्यंत आला आहे. मी शाळेत असताना एका निवासी शिबिरात रोज रात्री वही लिहून ताईंकडे द्यावी लागे. दुसऱ्या दिवशी मी लिहिले, 'आज मी आळस केला.' त्याखाली लाल शाईत 'छान, प्रामाणिक' असे आले. पुढचे तीन दिवस मी आळस न करताही तेच वाक्य लिहिले. ताई प्रेमळ होत्या, हेतू चांगला होता, तरीही वही तपासण्याची ती पद्धत चुकीचीच होती असे मी आजही मानते.

१९८६ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे मनावरच्या आघाताविषयी लिहिले होते. लिहिल्यावर लगेच त्यांना जड वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. बंद वहीच्या बाजूने बोलणारे या प्रयोगाचा आधार घेतात. व्यसनमुक्ती गटांच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात मात्र बंद वही आणि दुसऱ्याला सांगणे, दोन्हींना जागा आहे: चौथ्या पायरीवर स्वतःचा निर्भय आढावा घ्यायचा, आणि तो लिहून काढण्याची रीत आहे, पाचव्या पायरीवर आपल्या चुका एका माणसाजवळ बोलून दाखवायच्या. कुणाजवळ, ते आपण ठरवायचे. मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. विपश्यना ध्यानाच्या दहा दिवसांच्या शिबिरात तर लिहिण्यालाच मनाई असते, कारण तिथे संवेदना शब्दांत न पकडता नुसती पाहायची असते. पुण्यात अनेकजण विपश्यना आणि जर्नलिंग दोन्ही करतात आणि शिबिराहून परतल्यावर पहिल्यांदा काय लिहावे, यापाशी अडतात.

आजीची वही माझ्याकडे आहे, अप्पा बळवंत चौकातून आणलेली, लाल कापडी पाठीची. डाव्या बाजूला दुधाचे खाडे, इस्त्रीचे कपडे, वाण्याची बाकी. उजवीकडे, बारीक अक्षरात, अधूनमधून एखादी ओळ: 'सूनबाईला तोडून बोलले. नको होते.' खाली चार दिवस नुसते दूध. मग: 'आज बोलले तिच्याशी.'