आधी मौन, मग सा : आवाज-वर्गात येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

वर्गात पहिल्या दिवशी पेटी उघडत नाही, याचं बऱ्याच जणांना नवल वाटतं. भजनी मंडळात वर्षानुवर्षं गाणारे, शाळेत पन्नास मुलांपुढे दिवसभर बोलणारे, नाट्यगीतांची हौस असणारे, सगळ्यांचा आवाज आम्ही आधी ऐकतो आणि बसलेला असेल तर मौन सांगतो. ही शिस्त ऑपेराचे गायक आणि पुढे गानशिक्षक झालेले मानुएल गार्सिया (१८०५–१९०६) यांच्याकडून आलेली आहे.

ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच, पण मोठ्या वाद्यवृंदाच्या वरून, ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. १८२५ साली, विशीतल्या गार्सियांनी वडिलांच्या कंपनीतून न्यूयॉर्कला 'द बार्बर ऑफ सेव्हिल' या ऑपेरात फिगारोची भूमिका केली. कोवळ्या वयातला तो ताण गळ्याला सोसला नाही आणि पंचविशीच्या आतबाहेर रंगभूमी सुटली. मग त्यांनी लष्करी रुग्णालयात गळ्याची रचना अभ्यासली आणि पॅरिसला, पुढे लंडनला आयुष्यभर शिकवलं.

१८४१ मध्ये स्वीडनची गायिका जेनी लिंड त्यांच्याकडे आली. वय वीस, नाव झालेलं आणि आवाज थकलेला. त्यांनी सांगितलं, सहा आठवडे एकही स्वर लावायचा नाही, बोलणंही कमीत कमी. त्यानंतर सावकाश सरगमेपासून सुरुवात. पुढच्याच वर्षी ती स्टॉकहोमच्या रंगमंचावर परतली.

आमच्याकडे मौन साधारण तीन ते सात दिवसांचं असतं. त्यात कुजबुजणंही बंद. हळू बोललं की गळ्याला आराम मिळतो हा गैरसमज आहे. कुजबुजताना बऱ्याच जणांचा गळा उलट जास्त आवळला जातो. खाकरणंही टाळायचं, कारण त्यात स्वररज्जू (गळ्यातल्या आवाज काढणाऱ्या घड्या) एकमेकांवर आपटतात. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घ्या. पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वररज्जूंवरून नाही. म्हणून कार्यक्रमाच्या पाच मिनिटं आधी तांब्याभर पिऊन उपयोग नसतो, दिवसभर थोडं थोडं प्यावं लागतं. वाफ मात्र थेट तिथपर्यंत पोचते. ज्येष्ठमध, खडीसाखर यांनी घशाला बरं वाटतं, बसलेला आवाज सुटत नाही.

तीन आठवड्यांत आवाज मोकळा झाला नाही तर आम्ही शिकवणी थांबवून कान-नाक-घसा डॉक्टरांकडे पाठवतो. डॉक्टर घशात धरतात त्या छोट्या आरशाची वाटही गार्सियांनीच दाखवली. १८५४ साली त्यांनी दातांच्या डॉक्टरांचा लांब दांड्याचा आरसा गरम पाण्यात धरला, पुसला आणि पडजिभेला टेकवला. दुसऱ्या हातातल्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्या स्वररज्जू उघडताना-मिटताना पाहिल्या. आरसा गरम केला नाही तर श्वासाच्या वाफेने धुरकटतो, म्हणून ती खटपट. (घरी करून पाहू नका.)

मौन संपलं की नळी. अर्धा पेला पाणी, त्यात शीतपेयाची साधी नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. रोज पाच मिनिटं. नळीतला दाब उलटा येतो, त्यामुळे स्वररज्जू जोरात आपटत नाहीत. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. मध्येच फुस्स झालं तर श्वास कमी पडतोय. नंतर मिटल्या ओठांनी 'म्', आणि मग आकार, म्हणजे 'आ'वर सूर लावणं. तासभर एकदम बसण्यापेक्षा दहा मिनिटं तीन वेळा बसा.

आकार लावताना सर्वांत जास्त चूक होते ती सुरुवातीला. काही जण 'ह्आ' करत हवा सोडून लावतात, काही खोकल्यासारखा धक्का देतात. गार्सियांनी स्वराचा आरंभ स्वच्छ असावा असं लिहिलं आणि अनेकांनी त्याचा अर्थ धक्का असा लावून गळे दुखावून घेतले. खोकल्यासारखं करू नका, हे त्यांनीच बजावलेलं होतं.

बेळगाव-खानापूर-निपाणीकडे एकाच बैठकीत मराठी अभंग आणि कन्नड दासांची (संतकवींची) पदं होतात, आणि विद्यार्थी म्हणतात पदं सोपी जातात. त्याचं कारण आहे. कन्नड शब्द बहुतेक स्वरान्त, इटालियनसारखे, त्यामुळे शेवटी तोंड उघडंच राहतं. मराठीत 'देव' म्हणताना 'व'वर ओठ लवकर मिटतात आणि सूर तुटतो. 'दे' लांबवा, 'व' अगदी शेवटी, श्वास घेताघेता टाका. एवढ्याने अभंगाची ओळ बदलते.

पट्टी, म्हणजे 'सा' कुठे धरायचा ते, आम्ही ठरवतो, कृपया आग्रह धरू नका. पुरुषांना बहुधा पेटीची काळी एक-दोन, बायकांना काळी चार-पाच. पण ध्वनिमुद्रणातल्या नाट्यगीताच्या पट्टीला ताणून गाणं हे आवाज बसण्याचं आमच्याकडे दिसणारं सर्वांत मोठं कारण आहे. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलांना तर वरच्या पट्टीत मुळीच गाऊ देत नाही. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी काढलेल्या नाटक मंडळीत लहानपणी गाणारे भास्करबुवा बखले आवाज फुटल्यावर नव्याने शिकायला बसले आणि पुढे बालगंधर्वांचे गुरू झाले. त्यामुळे पालकांनी घाबरू नये. वर्ष-दीड वर्ष मधल्या स्वरांतच हलकं गाऊ द्यावं.

पावसाळ्यात ओल्या अंगाने येऊन लगेच गाऊ नका, पंधरा मिनिटं बसा. रात्रीचं तिखट जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. पित्त वर येऊन स्वररज्जू सुजतात आणि सकाळचा खर्ज घोगरा लागतो. गणपतीत आरतीला ढोलाच्या वर ओरडू नका, एका घरापुरतं गा.

पहिल्या भेटीला चाळीस मिनिटं लागतात. येताना मोबाइलवर स्वतःचं एखादं गाणं किंवा हरिपाठ मुद्रित करून आणा, चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणा, आणि आदल्या दिवशी गाऊ नका.