दिनक्रम, न्यूरोडायव्हर्जंट मुलांचा (कोकण)

स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता इ. असलेल्या मुलांच्या घरी उठणे, आंघोळ, जेवण, शाळा व झोप यांची घालून दिलेली ठरावीक ओळ. यास ‘वेळापत्रक’ही म्हणतात; किनारपट्टीपुरता ‘दिनक्रम’ हा शब्द अधिक नेमका.

‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१०–११ च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात योजली. मुलांमधील स्वतंत्र अवस्था म्हणून तिचे वर्णन प्रथम कोणी केले, याविषयी मतभेद आहेत. हा मान बहुधा बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर (१९४३, ११ मुले) यांना, क्वचित हान्स आस्परगर (१९४४) यांना दिला जातो. तथापि सोव्हिएत मनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांचे सहा मुलांवरील रशियन लेखन १९२५ च्या सुमाराचे असून ते १९२६ मध्ये जर्मनमध्ये आले. संज्ञा निराळी असली तरी वर्णन पाहता अग्रक्रम त्यांना देणे सयुक्तिक ठरते. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ (मेंदूच्या घडणीतील वैविध्य) हा शब्द ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ जूडी सिंगर (१९९८) यांचा मानत. अलीकडे तो त्या दशकातील स्वमग्न व्यक्तींच्या सामूहिक चर्चेतून आला असे मानण्याकडे कल आहे. मराठी ‘स्वमग्नता’त ब्लॉयलर यांचीच, स्वतःत गढून जाण्याची छटा उरली आहे. प्रत्यक्षात मूल स्वतःत नव्हे, पत्र्यावर वाजणाऱ्या पावसातही मग्न असू शकते.

सारखेपणाचा आग्रह कॅनर यांनी मूळ लक्षणांत गणला. तो अनिश्चिततेच्या भीतीवरचा मुलाचा स्वतःचा उपाय होय, हे मत घरातल्या अनुभवाशी अधिक जुळते.

मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांच्या नॉर्थ कॅरोलिनातील (अमेरिका) स्वमग्न मुलांसाठीच्या कार्यक्रमाने रूढ केलेली, दिवसातील कामे ओळीने दाखवणारी चित्रांची पट्टी हे या दिनक्रमाचे प्रमुख साधन. तीत घड्याळापेक्षा क्रम महत्त्वाचा असतो आणि कोकणात तेच सोयीचे पडते. खाडीतून बाहेर पडणाऱ्या लहान होड्या भरती पाहून सुटतात. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे ‘बाबा सहाला येतील’ हे वचन टिकत नाही. ‘होडी, मग आंघोळ, मग पेज’ हे टिकते. दिवेलागण व शुभंकरोती ही तर आजीने आधीच लावून ठेवलेली खूण.

ताटाचा प्रश्न वेगळा. उकड्या तांदळाच्या पेजेऐवजी दुसऱ्या तांदळाची पेज आली, तर मुलाला ती निराळी वस्तू वाटते. मासेमारीबंदी (१ जून ते ३१ जुलै) व लगोलग येणारा श्रावण यांमुळे ताजे मासे बरेच दिवस दिसत नाहीत. सुकी मासळी हा मोठ्यांचा पर्याय, मुलाचा असेलच असे नाही.

गणपतीत माटवी (मूर्तीवरची रानफुला-फळांनी सजवलेली चौकट) बांधली जाते, सामान हलते, चाकरमानी येतात, आरतीला झांजा वाजतात. गणपतीचा मुक्काम दीड, पाच वा सात दिवसांचा, हे घरोघरी ठरलेले असल्याने दिवस कॅलेंडरवर खोडत नेता येतात. शिमग्यात पालखी दारी नेमकी कधी येईल ते सांगता येत नाही. तेव्हा मागील पडवीत मुलाला शांत बसायला आधीच जागा करून ठेवणे बरे.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत; अतिचंचलतेचा स्वतंत्र उल्लेख नाही.