सेकंड-हँड गाडी सदोष निघाली तर डीलरला परत कशी करायची? पात्रता, कागदपत्रे आणि तक्रार अर्ज

गाडी घरी येऊन आठ दिवस होतात, पहिल्याच घाटात सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आणि डीलर म्हणतो, "साहेब, जुन्या गाडीला गॅरंटी कसली?" त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. झिजलेले टायर किंवा जड क्लच दाखवून जुनी गाडी परत करता येत नाही, मन बदललं म्हणूनही नाही. पण मीटर मागे फिरवलेला असेल, गाडी पुरात बुडालेली असेल किंवा चासी वाकलेली गाडी 'नॉन-अ‍ॅक्सिडेंट' सांगून गळ्यात मारली असेल, तर 'जुनी आहे' हे उत्तर पुरत नाही. 'जशी आहे तशी घेतली' असं लिहिलेल्या कागदावर तुमची सही असली तरी फसवणूक त्याने झाकली जात नाही. मात्र जो दोष घेताना डोळ्यांना दिसत होता, त्यावर नंतर भांडणं अवघड जातं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर तेवढ्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत वस्तू परत घ्यावी लागते. हे ३० दिवस उलटले की हक्क संपला, असं डीलर सांगतात. तसं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तरीही जितके दिवस थांबाल तितका 'तुम्हीच गाडी बिघडवली' हा बचाव बळकट होतो.

गाडी स्वतःच्या वापरासाठी, मोबदला देऊन घेतलेली हवी. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली टॅक्सीही चालते. पुन्हा विकायला घेतलेली चालत नाही. विकणारा व्यापारी हवा. शेजाऱ्याकडून किंवा जाहिरात पाहून थेट मालकाकडून गाडी घेतली असेल, तर सहसा दिवाणी न्यायालयाचा रस्ता उरतो. 'मी फक्त मध्यस्थ' ही डीलरची आवडती पळवाट, म्हणून पैसे कोणाच्या खात्यात गेले आणि पावती कोणाच्या नावाची, हे फार महत्त्वाचं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या डीलरला आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं. मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये परिवहन खात्याला द्यायची असते. ती नोंद सापडली की मध्यस्थीचा दावा लंगडा पडतो.

आता पुरावा. सगळं प्रकरण यावरच उभं राहतं, आणि नेमकं इथेच लोक गल्लीतल्या मेकॅनिककडून इंजिन खोलून घेतात. खोलू नका. गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या, दोष काय आणि तो अंदाजे किती जुना, हे तारीख व किलोमीटरसह जॉबकार्डवर लेखी मागा. तिथेच जुनी सर्व्हिस हिस्ट्री मिळाली तर मीटर उघडा पडतो. दोन वर्षांपूर्वी ८०,००० ची नोंद असलेली गाडी आज ५२,००० कशी दाखवेल? बिल किंवा पावती, बँकेचा उतारा, आरसी, विमा, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि डीलरशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेशही एकत्र ठेवा.

मग लेखी नोटीस. वकिलाचीच हवी असं नाही. दोष, मागणी आणि १५ दिवसांची मुदत लिहून स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही डीलर तेवढ्यानेच नरमतात.

नाही नरमला तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर इथेच अर्ज करायचा, तोही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. डीलर मुंबईचा आणि तुम्ही सांगलीचे असाल तर सांगलीत. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. अर्ज ग्राहक आयोगांच्या 'ई-जागृती' या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. सोबत शपथपत्र आणि वरचे सगळे पुरावे जोडा. वकील सक्तीचा नाही. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिने म्हटलं आहे; प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त धीर धरायची तयारी ठेवा.

मागणीत व्याजासह किंमत आणि भरपाई लिहाल, पण गाडी डीलरने स्वखर्चाने नावावर करून घ्यावी, हे लिहायला लोक विसरतात. तडजोडीत गाडी परत देतानाही तेच होतं: पैसे घेतले, किल्ली दिली, संपलं. आरसीवर तुमचं नाव असताना त्या गाडीने कोणाला उडवलं, तर मालक म्हणून जबाबदारी तुमची धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणून मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, गाडी दिल्याची तारीख-वेळेसह पोच घ्या. कर्ज असेल तर परतीच्या पैशातून आधी बँकेचा बोजा उतरवून त्यासाठीचा फॉर्म ३५ आणि एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) घ्या. तोवर हप्ते चुकवू नका. किल्ली दिल्यावरही एम-परिवहन अ‍ॅपवर मालकाचं नाव बदललेलं दिसेपर्यंत विमा बंद करायचा नाही.