बेलवडीची देसाईण

बेलवडी हे बेळगाव जिल्ह्याच्या बैलहोंगल तालुक्यातले गाव. १६७८ च्या सुरुवातीला, दक्षिण दिग्विजयावरून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या फौजेला इथल्या मातीच्या गढीने २७ दिवस झुंजवले. गढी लढवली देसाईणीने, म्हणजे इथल्या वतनदार देसायाच्या बायकोने. मराठीत ती सावित्रीबाई, कानडीत मल्लम्मा. सीमाभागात तिच्यावर कथा लिहायची तर पहिला पेच नावाचाच.

भांडण जनावरांवरून पेटले. देसाईणीच्या माणसांनी फौजेची रसद वाहणारे बैल पळवले, असे मराठी हकिकत सांगते. कानडी परंपरेत मराठी शिपायांनीच दुधासाठी गावच्या गाई नेल्या. नवऱ्याच्या बाबतीतही तेच. मराठीत देसाई फारसा दिसतच नाही. कानडीत ईशप्रभू लढता लढता पडतो आणि मल्लम्मा तिने स्वतः तयार केलेली बायकांची फौज घेऊन उतरते. कथाकाराला ही दुसरी वाट साहजिकच आवडते.

लढाईची ताजी साक्ष तिसऱ्याचीच आहे. इतकी राज्ये जिंकलेल्या शिवाजी महाराजांना ही बाई काही आवरत नाही, अशा आशयाचा मजकूर राजापूरच्या इंग्रज वखारीच्या २८ फेब्रुवारी १६७८ च्या पत्रात आहे. त्यात थोडा कुत्सितपणा आहेच.

शेवट मात्र दोन्ही भाषांत महाराजांकडे जातो. एका हकिकतीत मराठी सरदार सखूजी गायकवाड पकडलेल्या देसाईणीची विटंबना करतो आणि महाराज त्याचे डोळे काढवून त्याला कैदेत टाकतात. कानडीत महाराज तिला बहीण मानून राज्य परत देतात. धारवाडजवळच्या यादवाडच्या शिल्पात ते तिचे मूल मांडीवर घेऊन दूध पाजताना दाखवले आहेत, असे मानतात. दोन्ही प्रसंग देखणे, पण देसाईण तेवढ्यात मागे सरते.

खरी कथा त्या २७ दिवसांत आहे, आणि ती कमीच लिहिली जाते. फेब्रुवारी म्हणजे या पट्ट्यात रब्बी ज्वारी काढणीचे दिवस. वेढ्याबाहेर कणसे उभी, आत पेवातले जुने धान्य. वैरण गुरांना किती, घोड्यांना किती, पाण्यावर पहारा कोणाचा, हे रोज सकाळी कोणीतरी ठरवत होते.